तेराव्या महिन्याचें गांव

‘दुष्काळांत तेरावा महिना’ ही म्हण शिकवितांना आम्हांस वर्गांत कधीं विशेष श्रम पडले नाहींत. पुण्यामुंबईकडील शिक्षकांस तिचा अर्थ फोड करून सांगावा लागत असेल; आमच्या बीड जिल्ह्यांतील मुलें ती म्हण पाटीवर लिहिण्यापूर्वींच घरीं शिकून आलेलीं असतात. वडवणीस ज्या शाळेंत आम्हीं पस्तीस वर्षें संस्कृत आणि मराठी शिकविलें, तेथें दिवाळीच्या सुमारास वर्गांतील कित्येक जागा रिकाम्या होत. आईबाप ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे निघाले कीं मुलेंहि त्यांच्याबरोबर जात. अशा मुलांना दुष्काळ म्हणजे काय आणि वर्षाला एक महिना वाढला म्हणजे काय, हें आम्हीं काय सांगावें?

परंतु जो महिना म्हणींत इतका नकोसा, तोच आमच्या घराघरांतून ‘पुरुषोत्तममास’ म्हणून पूजिला जातो. आणि वडवणीहून एका दिवसांत जाऊन येण्याजोग्या अंतरावर, माजलगांव तालुक्यांत, गोदावरीच्या दक्षिण तीरावर त्या महिन्याच्या देवाचें स्वतंत्र गांव आणि देऊळ आहे, ही गोष्ट पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. त्या गांवाचें नांव पुरुषोत्तमपुरी. २०२३ सालच्या अधिक श्रावणांत आम्ही तेथें जाऊन आलों. त्या यात्रेचें वर्णन करावें हा या लेखाचा हेतु आहेच. परंतु त्या यात्रेनें आमच्या घरांतील एक गांठ सुटली, आणि ती गांठ बसण्यांत आमचाहि हात होता, हें कबूल केल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं.

आधीं या महिन्याचा हिशेब पाहूं. चंद्राचे बारा महिने सुमारें ३५४ दिवसांत पुरे होतात. सूर्याचें वर्ष ३६५ दिवसांहून थोडें अधिक. म्हणजे दरसाल जवळजवळ ११ दिवसांची तूट पडते. ती तशीच सांचूं दिली तर थोड्याच वर्षांत दिवाळी भर पावसाळ्यांत आणि होळी कडाक्याच्या थंडींत येईल. म्हणून सरासरीनें साडेबत्तीस महिन्यांनीं एक महिना अधिक धरून आपले पूर्वज चंद्राची सूर्याशीं पुन्हा गांठ घालून देत आले. १९ वर्षांत असे ७ महिने येतात. कोणता महिना अधिक धरावा हेंहि कोणाच्या लहरीवर नाहीं. ज्या चांद्रमासांत सूर्याची एकहि संक्रांत होत नाहीं, तो अधिक. २०२३ सालीं कर्कसंक्रांत १७ जुलै रोजीं अमावास्या संपण्यापूर्वींच होऊन गेली, आणि सिंहसंक्रांत पुढील अमावास्या संपल्यावर, १७ ऑगस्ट रोजीं झाली. मधला सबंध महिना संक्रांतीवांचून राहिला. म्हणून १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत अधिक श्रावण आणि त्यामागून निज श्रावण. त्यापूर्वींचा अधिक आश्विन २०२० सालचा, त्यानंतरचा अधिक ज्येष्ठ २०२६ सालचा. वाचकांनीं बोटांवर महिने मोजून पाहावे, हिशेब जुळतो.

आमचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असल्यामुळें हिजरी सनाचीहि आम्हांस जवळून ओळख आहे. तो सन केवळ चांद्र. त्यांत अधिक महिना धरीत नाहींत. म्हणून रमजानचे उपास कधीं उन्हाळ्यांत, कधीं पावसाळ्यांत तर कधीं हिंवाळ्यांत येतात, आणि सुमारें तेहतीस वर्षांनीं ते पुन्हा मूळच्या ऋतूंत येऊन पोहोंचतात. आमच्या शेजारचे एक वृद्ध मुसलमान गृहस्थ म्हणत असत, “मास्तर, तुमचा चंद्र घरीं परत येतो, आमचा जग फिरून येतो.” दोन्ही पद्धतींत आपापली सोय आहे, परंतु तेहतिसाचा आंकडा दोहोंकडे यावा याचें आम्हांस नेहमीं कौतुक वाटत आलें आहे.

हा तेरावा महिना केवळ आपलाच आहे असेंहि नव्हे. जपानांत तो शेंकडों वर्षें चालत आला होता. १ जानेवारी १८७३ रोजीं तेथील सरकारनें युरोपीय पंचांग स्वीकारलें. जुन्या गणनेप्रमाणें त्या सालीं एक महिना अधिक पडावयाचा होता, आणि सरकारी नोकरांस तेरा पगार देण्याची वेळ तिजोरीवर येणार होती. ती आपोआप टळली. म्हणजे आमची म्हण जपानी मुत्सद्द्यांसहि न शिकतां समजलेली होती म्हणावयाची! परंतु तेथील गांवोगांवच्या शिंतो देवळांचे उत्सव जुन्या चंद्राला बांधलेले होते. ते नव्या तारखांना जोडतांना कांहीं ठिकाणीं मेळ चुकला. दोन ताऱ्यांच्या वार्षिक भेटीचा तानाबाता नांवाचा सण सातव्या महिन्यांतील सप्तमीचा. तो आतां पुष्कळ ठिकाणीं ७ जुलैला करितात, आणि त्या दिवसांत जपानचें आकाश पावसाळी ढगांनीं झांकलेलें असतें. तारे दिसावे कसे? देव, ऋतु आणि पंचांग यांचा धागा एकच असतो. एक टोंक ओढलें कीं दुसरें हललेंच. आमच्या जिल्ह्यांत हा धागा अद्याप शाबूत आहे, तो पुरुषोत्तमपुरीसारख्या गांवांमुळें.

आतां घरची गोष्ट. आमचें कुटुंब एकत्र आहे. थोरले बंधु, वहिनी, त्यांचे पुत्र व सुना, आम्ही उभयतां, नातवंडें, असा चौदा पानांचा पसारा. कुळाचार सर्व वहिनींच्या हातीं. अधिकमासाला आमच्याकडे ‘धोंड्याचा महिना’ म्हणतात, हें वाचकांस सांगावयास नको. लेकजावयांस लक्ष्मीनारायण मानून बोलवावें, पुरणाचे धोंडे करून जेवूं घालावें, आणि तबकांत तेहतीस अनारसे ठेवून, वर दीप लावून तें वाण जावयास द्यावें, अशी चाल आहे. जाळी पडलेला पदार्थ हवा म्हणून अनारसे. ज्यांना तें साधत नाहीं ते बत्तासे अथवा म्हैसूरपाक देतात. वहिनींना अनारसे साधतात. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सावलींत सुकवून, कुटून, चाळून, गूळ घालून पीठ मुरत ठेवणें हा सोहळा त्या सुनांच्या हातीं अजून पुरता सोंपवीत नाहींत.

आम्हांस दोन कन्या. २०२० च्या अधिक आश्विनांत साथीमुळें दोघींपैकीं कोणालाच घरीं बोलावितां आलें नाहीं. तेव्हां वहिनी थोरल्या जावयांस टेलिफोनवर म्हणाल्या होत्या, “यंदाचें वाण राहिलें, जांवईबापू. पुढल्या धोंड्यांत दुप्पट देईन.” ते हंसले होते. पुढला धोंडा त्यांस दिसावयाचा नव्हता. २०२१ च्या वैशाखांत त्याच साथीनें ते गेले. थोरली कन्या आपल्या लहान मुलास घेऊन आमच्याकडे राहावयास आली. ती प्राथमिक शाळेंत शिक्षिका आहे. सकाळीं डबा घेऊन जाते, सायंकाळीं परतते, आणि घरांत कोणासहि जड वाटूं नये इतक्या हलक्या पावलांनीं वावरते. हें हलकें पाऊलच आम्हांस सर्वांत जड वाटे.

२०२३ चा अधिक श्रावण लागला. धाकट्या जावयांस बोलविण्याचा दिवस ठरला. एके रात्रीं जेवणें उरकल्यावर वहिनी सहज बोलल्यासारखें बोलल्या, “त्या दिवशीं थोरलीनें आंतलें पाहावें. बाहेर वाणाच्या वेळीं तिनें बसूं नये, हेंच बरें.” कन्या भांडीं आवरीत होती. ती कांहीं बोलली नाहीं. आमची पत्नी आमच्याकडे पाहूं लागली. आम्हींहि कांहीं बोललों नाहीं.

हें आमचें मौन वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं विधवेशीं विवाह केला आणि १८९६ सालीं पुण्यांत विधवांसाठीं आश्रम काढला, हा धडा आम्हीं किती वर्गांना किती वेळां शिकविला असेल! मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवच्या ग्रामसभेनें वैधव्याच्या जाचक चाली बंद करण्याचा ठराव केला, तेव्हां वर्तमानपत्रांतील ती बातमी आम्हींच घरांत मोठ्यानें वाचून दाखविली होती. आणि आमच्याच ओट्यावर, आमच्याच मुलीविषयीं, एक वाक्य बोलण्याची वेळ आली तेव्हां आम्हीं सुपारी कातरीत बसलों. वडील भावजयीला उलट बोलूं नये, हें कारण आम्हीं मनाशीं दिलें. कारण सभ्य होतें, खरें नव्हतें. खरें कारण हें कीं, कोणीं बोललें नाहीं म्हणजे प्रश्न मिटला असें मानण्याची आम्हां पुरुषांना संवय असते.

दुसऱ्या दिवशीं कन्या आम्हांस म्हणाली, “बाबा, रविवारीं मला पुरुषोत्तमपुरीला घेऊन चला.” एवढेंच. आम्ही तिला व नातवाला घेऊन निघालों.

वडवणीहून तेलगांव, तेथून माजलगांव, असा एसटीचा प्रवास, आणि पुढें वडाप जीप. ऑगस्टचा पहिला आठवडा होता. दुतर्फा सोयाबीन आणि कापूस उभा होता, पण पानें दुपारच्या आधींच मान टाकूं लागलीं होतीं. देशांत १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट कधीं झाला नव्हता, असें त्या महिन्याच्या अखेरीस प्रसिद्ध झालें; आम्हांस तें रस्त्याच्या कडेलाच वाचावयास मिळालें होतें. सिंदफणेवरील माजलगांवचें धरण म्हणजे या भागाचा मोठा आधार. जीपमधील प्रत्येक उतारू त्याच्याच पाण्याविषयीं बोलत होता. “दुष्काळांत तेरावा महिना,” कोणीसें म्हणालें, आणि सगळी जीप हंसली. त्या हंसण्यांत आनंद नव्हता, पण सोबत होती.

पुरुषोत्तमपुरीस पोहोंचलों तों देवळाबाहेर मोठी रांग. एरवीं शांत असणारें हें खेडें अधिकमासांत महिनाभर माणसांनीं फुलून जातें. मराठवाड्यांतून आणि त्याहिपलीकडून लोक येतात. गोदावरींत स्नान करावें, पुरणाचे धोंडे करून देवास नैवेद्य दाखवावा, दीपदान करावें, असा यात्रेचा क्रम. बिहारांत राजगीर येथेंहि या महिन्यांत मलमासमेळा भरतो. परंतु अधिकमासाचा स्वामी जो पुरुषोत्तम, त्याच नांवानें पूजिला जाणारा देव असें हें एकच देऊळ, अशी येथील लोकांची श्रद्धा आहे. मूर्ति काळ्या पाषाणाची, चतुर्भुज विष्णूची. हातीं शंख, चक्र, गदा, पद्म. देवळाच्या जुन्या बांधकामांत विटांचा उपयोग केलेला असून, त्या विटा पाण्यावर तरंगतात असें येथें सांगतात. आमच्या नातवास ही गोष्ट देवापेक्षांहि अधिक पटली नाहीं व अधिक आवडली. त्याला आम्हीं सांगितलें कीं, तेलंगणांतील रामप्पा देवळाचें शिखर अशाच हलक्या विटांचें आहे. तें १२१३ सालच्या सुमाराचें असून २०२१ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलें. मातींत भुसा मिसळून वीट भाजली म्हणजे भुसा जळून आंत बारीक पोकळ्या राहातात आणि वीट हलकी होते. “म्हणजे अनारशासारखी जाळी,” नातू म्हणाला. आम्हांस हा दृष्टान्त पस्तीस वर्षांत सुचला नव्हता.

दर्शन झाल्यावर ओसरीवर एक वृद्ध पुजारी यात्रेकरूंना महिन्याची कथा सांगत बसले होते, तेथें आम्ही टेकलों. कथा पुराणांतील, आणि आपल्या घरीं पोथींत ऐकलेली. बारा महिन्यांना केशव, नारायण, माधव अशीं देवाचीं बारा नांवें लाभलीं. प्रत्येकाला कोणी ना कोणी स्वामी मिळाला. तेराव्याला कोणीच नाहीं. त्यांत लग्न नाहीं, मुंज नाहीं, वास्तुशांत नाहीं. लोक त्याला मलमास म्हणजे मळका महिना म्हणूं लागले. तो रडत रडत विष्णूकडे गेला. विष्णूनें त्याला इतर कोणतें नांव न देतां आपलें स्वतःचें नांव दिलें, आणि तो पुरुषोत्तममास झाला.

पुजारी म्हणाले, “ज्याला मालक न्हवता त्याला देवानं आपलं नांव दिलं. दुसरं काय देणार? देवाकडं नांवाबिगर दुसरं काय असतं?”

येथें आमच्यांतील मास्तर जागा झाला. आम्हीं सांगूं लागलों कीं, या गांवीं एक ताम्रपट सांपडला असून तो देवगिरीच्या यादव रामचंद्राचा, शके १२३२ म्हणजे इसवी सन १३१० चा आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं तो वाचून प्रसिद्ध केला. त्यावरून दिसतें तें असें, कीं राजानें आपला प्रधान पुरुषोत्तम नायक यास गांवें दिलीं आणि त्यानें ब्राह्मणांना अग्रहार देऊन आपल्या नांवानें त्याला पुरुषोत्तमपुरी म्हटलें. तो काळहि मोठा विलक्षण. १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर येऊन गेला होता; पुढें मलिक काफूरनें रामचंद्राला दिल्लीस नेलें आणि तो मांडलिक होऊन परत आला; आणि ताम्रपटानंतर दहा वर्षांच्या आंत, १३१८ सालापर्यंत, यादवांचें राज्य बुडालें. राज्य मावळत असतांना एका प्रधानानें गोदाकांठीं विद्वानांसाठीं गांव वसविलें. राज्य गेलें, प्रधान गेला, अग्रहार गेला, आणि नांव मात्र राहिलें. तेव्हां, आम्हीं समारोप केला, गांवाचें नांव मूळ महिन्यावरून नसून प्रधानावरून आलेलें दिसतें.

पुजाऱ्यांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाले, “असंल, मास्तर. पण त्या प्रधानाला तरी नांव कुणाचं ठेवलं होतं?”

आमची कन्या त्या दिवशीं प्रथमच हंसली. आम्हीहि हंसलों. ताम्रपट खोटा नाहीं आणि कथाहि खोटी नाहीं. दोहोंच्या बोलण्याचे विषय निराळे आहेत, हें आम्हांस संस्कृतच्या पदवीधरांनींहि इतक्या थोड्या शब्दांत कधीं सांगितलें नव्हतें.

घाटावर एक बाई पानांचे द्रोण, वाती आणि तेल घेऊन बसल्या होत्या. तेहतीस दिवे सोडावयाचे. तेहतीस म्हणजे आठ वसु, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापति, असे देव मोजतां येतात. अथवा तेहतिसाव्या महिन्याच्या सुमारास येणारा महिना म्हणूनहि मोजतां येतात. पुष्कळ जोडपीं दोघांच्या हातीं एकच द्रोण धरून पाण्यांत सोडीत होतीं. आमच्या छातींत धस्स झालें. बाईंनीं कन्येला विचारलें, “ताई, जोडीनं का एकटीनं?”

“एकटीनें,” कन्या म्हणाली.

“मग पुढं जाऊन सोडा. कडंला पाणी हलत न्हाई, अडकत्यात.” एवढें बोलून बाईंनीं तेहतीस वाती मोजून दिल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. आम्ही ज्या उत्तराला इतके भीत होतों, त्याचा त्या बाईंना एवढाच अर्थ होता कीं पुढें जावें लागेल.

श्रावण असूनहि गोदेला श्रावणाचा ओघ नव्हता. पहिले पांचसहा द्रोण कांठच्या चिखलांतच घोटाळले. कन्येनें पदर खोंचला, गुडघाभर पाण्यांत गेली आणि एकेक द्रोण हातानें ढकलून प्रवाहाला लावून दिला. नातू कांठावरून मोठ्यानें मोजीत होता. एकतीसला वारा आला आणि त्याचा आंकडा चुकला. मायलेंकांनीं पुन्हा पहिल्यापासून मोजलें. तेहतिसावा दिवा निघाल्यावर ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग येऊन म्हणाली, “चला बाबा, शेवटची एसटी चुकेल.”

परतीच्या वाटेवर तीं मायलेंकरें झोंपीं गेलीं. आम्हांस झोंप आली नाहीं. स्वामी नाहीं म्हणून ज्या महिन्याला लोकांनीं मळका म्हटलें, त्याला देवानें जवळ केलें; तोच महिना आमच्या घरीं आला म्हणजे आमचीच लेक माजघरांत बसावयाची! ज्या कथेचें आम्हीं आयुष्यभर पारायण केलें तिचा अर्थ आमच्या ओट्यापर्यंत पोहोंचला नव्हता.

घरीं येतांच आम्हीं कपाटांतून धर्मसिंधु काढला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या अखेरचा, आणि घरगुती धर्मनिर्णयास आजहि आमच्याकडे तोच आधार. मलमासांत काम्य कर्में टाळावीं, नित्य आणि अवश्य तीं करावीं. तेहतीस अपूप म्हणजे गोड वडे अथवा घारगे, कांशाच्या पात्रांत घालून, तूपगुळासहित ब्राह्मणास दान द्यावे, अशा आशयाचें विवेचन तेथें आहे. जावयाचें नांव आमच्या वाचनांत आलें नाहीं. जांवई हा लोकाचार आहे. गोड आहे, राखावा असा आहे, परंतु त्यावरून कोणाला ओट्यावरून उठवावें असें शास्त्र कोठें सांगतें? आम्हीं पानांत खूण घातली, मनाशीं चार वाक्यें जुळविलीं आणि पोथी घेऊन स्वयंपाकघराच्या दारांत उभे राहिलों.

वहिनी अनारसे तळीत होत्या. अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटतां, झाऱ्यानें तूप उडवीत तळावा लागतो. पहिला घाणा हंसला होता; म्हणजे तुपांत सुटून विस्कटला होता. असें वहिनींच्या हातून सहसा होत नाहीं. आम्हीं घसा खांकरला.

“भाऊजी,” वहिनी मागें न पाहतांच म्हणाल्या, “पोथी आंत ठेवून या. तूप उडेल तिच्यावर.”

“वहिनी, मला थोरलीविषयीं बोलायचें होतें.”

“मला ठाऊक आहे काय बोलायचें तें. आठ दिवस झाले, तुम्ही बोलाल म्हणून वाट पाहतें आहें.” त्यांनीं एक अनारसा अलगद काढून निथळत ठेवला. “दोन तबकें भरणार आहें. एक धाकट्या जावयांचें. दुसरें मागल्या धोंड्याचें देणें आहे. तोंडानें कबूल केलें होतें मीं.” मग थोड्या वेळानें म्हणाल्या, “तिला आंत बस म्हटलें तें शास्त्र म्हणून नव्हे, भाऊजी. तिच्यासमोर एकच तबक माझ्यानें उचलवलें नसतें.”

आमच्या हातांतील पोथी एकाएकीं फार जड झाली. जिला आम्ही रूढीची राखणदार समजत होतों, ती स्वतःचें दुःख झांकीत होती. आणि आमच्या मौनानें त्या दुःखाला नियमाचें रूप आलें होतें. आम्हीं त्याच रात्रीं एक वाक्य विचारलें असतें तरी पुरे होतें. पोथी मिटून आम्ही ती आंत ठेवून आलों, आणि परत येऊन वहिनींना ताट धरावयास बसलों. त्यांनीं आम्हांस अनारसे मोजावयास सांगितले. दोनदां तेहतीस.

ठरल्या दिवशीं धाकट्या लेकजावयांस पाटावर बसविलें, ओंवाळिलें आणि वाण दिलें. मग वहिनींनीं शेजारीं तिसरा पाट मांडला आणि थोरलीला हांक मारली. ती दारांतच थबकली. “ये,” वहिनी म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्याचें नव्हे हें. तुझें आहे.” तबकावरचा दिवा नातवानें लावला. धाकटे जांवई स्वतः उठून उभे राहिले आणि त्यांनीं थोरल्या मेहुणीला वांकून नमस्कार केला. घरांत कोणी भाषण केलें नाहीं. आमच्या बंधूंनीं नेहमींप्रमाणें, पुरणांत जायफळ कमी पडलें अशी तक्रार केली आणि सर्वजण जेवावयास बसले.

ज्या घरांत आजी, काकू, सुना आणि लेकी एका छपराखालीं नांदतात, त्या घरांत रीतिभाती चालविणारीं माणसें दुष्ट असतात असें बाहेरून वाटतें. आमचा अनुभव निराळा आहे. पुष्कळदां प्रत्येक जण दुसऱ्याचें मन राखण्यासाठीं गप्प असतो, आणि सगळ्यांच्या गप्प राहण्यांतून एकीवर अन्याय होतो. घरांतील शिकलेल्या पुरुषाचें काम ग्रंथ उघडण्याचें नव्हे, तोंड उघडण्याचें असतें. आणि तेंहि वेळेवर. आम्हीं तें केलें नाहीं. आमच्यासाठीं तें एका पुजाऱ्यानें, द्रोण विकणाऱ्या एका बाईंनीं आणि वहिनींनीं केलें.

दुसऱ्या दिवशीं थोरलीनें आपलें तबक डब्यांत भरून शाळेंत नेलें. तिच्या वर्गांत एकतीस मुलें. त्यांतलीं कांहीं दिवाळीनंतर आईबापांबरोबर उसाच्या फडाकडे जाणारीं. सायंकाळीं रिकामा डबा आला तेव्हां आम्हीं हिशेब विचारला, मास्तरांची खोड. एकतीस मुलांना एकतीस, एक शाळेच्या शिपायांना.

“आणि तेहतिसावा?” आम्हीं विचारलें.

“तो मीं खाल्ला,” ती म्हणाली. “छान जाळी पडली होती.”